करंगळीची कड

परवा मुलीच्या वर्गाच्या ग्रुपवर निरोप आला. सोमवारपर्यंत 'आपले शेत' या विषयावर प्रतिकृती करून आणावी, थर्माकोल वापरू नये, पालकांनी पाल्यास सहकार्य करावे. माझी मुलगी दुसरीत आहे. तिला अजून कात्रीनं कागद सरळ कापता येत नाही. त्यामुळे ते 'सहकार्य' कोणाच्या गळ्यात पडणार हे ग्रुपवरच्या सगळ्या आयांना कळलं, आणि सगळ्यांनी जोडलेल्या हातांचं चित्र टाकून 'हो मॅडम' म्हटलं. मी म्हटलं नाही. मी स्वतः शिक्षिका आहे, भोरमधल्याच एका शाळेत तिसरीला शिकवते, तरीही माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा म्हणाला, "एवढं काय चिडायचं त्यात? दोन तासांचं तर काम आहे."

दोन तासांचं आहे, मान्य. पण कोणाचे दोन तास?

हा प्रश्न खरं तर माझा नाही, गुरुजींचा आहे. मी तो त्यांच्याकडून उचलला आणि आता आपलाच असल्यासारखी वापरते. मला नोकरी लागली तेव्हा पहिली नेमणूक मिळाली ती हिर्डोशीच्याही वर, वरंधा घाटाच्या अंगाला असलेल्या एका वाडीवर. पहिली ते चौथी मिळून चौदा मुलं, दोन खोल्या. तिथले मुख्याध्यापक म्हणजे हे गुरुजी. मूळचे उत्रोलीचे. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. पावसाळ्यात विजार पोटऱ्यांपर्यंत दुमडून यायचे आणि ती दिवसभर तशीच ठेवायचे, कारण परत जाताना पुन्हा दुमडावीच लागणार. खुर्चीवर मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नाही. जे मूल शाळेत आलं नसेल त्याची वही ते खुर्चीवर ठेवायचे. वर्ग संपेपर्यंत ती वही तिथं बसायची आणि शाळा सुटली की गुरुजी ती पिशवीत घालून त्या मुलाच्या घरी जायचे. मी पहिल्या आठवड्यात चुकून त्या खुर्चीवर टेकले तर तिसरीतली एक मुलगी ओरडली, "बाई, उठा, तिथं गणप्या हाय!"

गृहपाठाचं नाव काढलं की गुरुजींचं डोकं फिरायचं. शिकवताना ते शुद्ध बोलत, पण एरवी, त्यातून चिडले की, थेट उत्रोलीच्या बांधावर उतरत. "शाळंचं काम शाळंत संपलं पायजे," म्हणायचे. "न्हाई संपलं तर चूक माजी. माज्या चुकीचं वझं त्या पोराच्या आईच्या डोक्यावर कशाला?" मी तेव्हा नुकतीच पदविका घेऊन आलेली. बालमानसशास्त्राच्या पेपरला चांगले गुण होते. मी त्यांना सरावाचं महत्त्व समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बाई, तुमी घरी गेल्यावर कोन तुमचा सराव घेतो?"

गृहपाठ ते अजिबात द्यायचे नाहीत असं नाही. एक कायमचा होता. मला ठाऊक नसलेली एक गोष्ट घेऊन या. गुरुजींना ती गोष्ट खरोखर ठाऊक नसेल तर त्या मुलाला शाळेची घंटा वाजवायला मिळायची. त्यापायी अख्खी वाडी कामाला लागली होती. मुलं घरोघर विचारत हिंडायची. म्हातारी माणसं ओटीवर बसून आठवून आठवून सांगायची. एकदा पहिलीतली सोनी उभी राहिली आणि म्हणाली, "गुर्जी, माज्या आज्जीला गुळाचा वास येत न्हाई. बाकी समद्याचा येतो." गुरुजींनी बराच वेळ विचार केला. "हे मला ठाऊक नव्हतं," म्हणाले. "जा, वाजव घंटा." भर अकरा वाजता घंटा झाली आणि खाली भाताच्या खाचरात काम करणाऱ्या बायकांना वाटलं शाळा सुटली.

दुसरा होता शुक्रवारचा. तिसरी-चौथीला पाच ओळी लिहून आणायच्या, मनानं. तो तपासताना गुरुजी आधी वही उघडत नसत. "हात दाखव," म्हणायचे. मुलं उजवा हात पालथा करून पुढं धरायची. पेन्सिलीनं लिहिताना करंगळीची कड कागदावर घासते आणि तिथं शिसाचा काळपट पट्टा उठतो. गुरुजी हात खिडकीच्या उजेडात नेऊन तो पट्टा बघायचे. दिसला की म्हणायचे, "बरं." संपला गृहपाठ. वहीत काय लिहिलंय, चूक की बरोबर, ते नंतर. पुढं मुलं हुशार झाली, वाटेत करंगळीला पेन्सिल चोळून येऊ लागली, तर गुरुजी हसून म्हणाले, "चोळायला तरी पेन्सिल हातात धरलीस की!"

उशिरा आलेला गृहपाठही ते तपासत. याची साक्षीदार मी आहे. एके दिवशी वाडीच्या फाट्यावर एसटी थांबली आणि कंडक्टर उतरून चढण चढत शाळेत आला. खाली बसमध्ये माणसं ताटकळत. हा गुरुजींच्या जुन्या शाळेतला विद्यार्थी. चौथीत त्यानं 'माझा मित्र' या विषयावर पाच ओळी लिहिल्या नव्हत्या, त्या आता लिहून आणल्या होत्या, तिकिटाच्या रोलच्या मागच्या बाजूला. गुरुजींनी आधी त्याचा हात बघितला, मग उभ्या उभ्या वाचलं, दोन ठिकाणी लाल खूण केली. मी थट्टेनं म्हटलं, "उशिराचे गुण नाही कापले?"

"उशिराचे गुण मी कापत न्हाई," गुरुजी म्हणाले. "आला हेच लई झालं."

अशा माणसाच्या शाळेवर तो आदेश येऊन आदळला. रोज गृहपाठ. रविवारीसुद्धा. रोज पालकाची सही, रोज पालक आणि पाल्य एकत्र बसून अभ्यास करत असल्याचा फोटो, आणि तो सायंकाळी सातच्या आत तालुक्यातल्या शाळांच्या ग्रुपवर. ज्या शाळांचे फोटो येतील त्यांची नावं यादीत हिरवी, बाकीच्यांची लाल. हे कुठल्या महिन्यात? भाताच्या लावणीच्या. ज्यानं तो आदेश काढला त्यानं आयुष्यात कधी गुडघाभर चिखलात वाकून रोप लावलेलं नसणार, हे मी आजही शपथेवर सांगेन. आमच्या वाडीतल्या बाया सकाळी खाचरात उतरायच्या त्या दिवस कलताना वर यायच्या. मग चूल, मग गुरं. त्यानंतर ओल्या लुगड्यानं पोराशेजारी बसून हसरा फोटो काढायचा. आणि तो पाठवायचा कुठून? वाडीत रेंज नाही. दीड मैल वर खिंडीत गेलं की मोबाईलला दोन काड्या येतात.

गुरुजींनी आदेश वाचला, घडी केली आणि पायमोडक्या बाकाच्या पायाखाली घातला. त्यांना ते शक्य होतं. मला नव्हतं. माझी शिक्षणसेवकाची तीन वर्षं पुरी व्हायची होती, कायम होण्याचा कागद तालुक्याच्या शिक्षणखात्यातल्या साहेबांच्या टेबलावरून जाणार होता, आणि ग्रुपचं काम माझ्याकडे होतं. तीन दिवस आमचं नाव लाल राहिलं. चौथ्या दिवशी मी खिंडीत असताना फोन आला आणि मी चांगली बोलणी खाल्ली. त्या संध्याकाळी मी पाणवठ्यावर गेले आणि बायांना म्हणाले, "काहीही करा, पण वह्या भरा आणि फोटो पाठवा. कसं करायचं ते तुम्ही बघा."

हे वाक्य माझं आहे. ते लक्षात ठेवा, कारण पुढं मी ते विसरले.

त्यांनी बघितलं. त्यांच्याकडे अवघड कामाला एक रीत होतीच. सावड. आज सगळ्यांनी मिळून तुझं खाचर लावायचं, उद्या माझं, परवा तिचं. एकटीनं महिनाभर मरण्यापेक्षा दहाजणींनी दहा दिवसांत उरकायचं. त्यांनी गृहपाठही सावडीनं घेतला. मंगल नावाची एक सून होती, चोवीस वर्षांची, नवरा शिरवळच्या कंपनीत. वाडीतल्या बायांत तीच सर्वात जास्त शिकलेली, म्हणजे आठवी. नववीच्या शाळेला वेळेवर एसटी नव्हती म्हणून तिची शाळा सुटली होती. ठरलं असं, की मंगलनं चौदा वह्या भरायच्या आणि बाकीच्यांनी तिची दोन खाचरं लावून द्यायची. फोटो तिच्याच मोबाईलवर. तो मोबाईल दुधाच्या टेम्पोवाल्याकडे द्यायचा. खिंडीत रेंज आली की तो पाठवायच्या बाणावर बोट ठेवायचा. आमचं नाव हिरवं झालं आणि मला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी सगळ्यांना हात पुढं करायला सांगितलं. चौदा हात, चौदा करंगळ्या, सगळ्या स्वच्छ. मग त्यांनी पहिल्यांदाच आधी वह्या उघडल्या. मी दाराशी उभी राहून बघत होते. ते रागावले नाहीत. वाडीत असं लिहिणारी बाई एकच होती. लाल पेन काढून वहीच्या तळाशी लिहिलं, "मंगल, ओळ खाली उतरते आहे. वही तिरकी धर."

त्याच्या पुढच्या दिवशी ओळी सरळ होत्या.

तिथून जे सुरू झालं ते बघून मला हसावं की रडावं कळेना. गुरुजी चौदाही वह्या मंगलच्या म्हणून तपासू लागले. चौथीच्या वहीतलं सोपं गणित तिला अगदी सहज येतं म्हटल्यावर त्यांनी अवघड घातलं. मग त्याहून अवघड. वह्या जागा देत होत्या, मंगल उत्तरं देत होती. महिना संपेस्तोवर पहिलीतल्या सोनीच्या वहीत, पोपटाच्या चित्राखाली, नववीच्या बीजगणितातले अवयव पाडलेले होते. मुलं मात्र दिवसा शाळेत गुरुजींसमोर स्वतःच्या हातानं लिहीत होती, दुसऱ्या वहीत. ती वही कोणी मागितली नव्हती. मी म्हटलं, "गुरुजी, हे कोणी बघितलं तर?" तर म्हणाले, "बगू द्या की. दहावीला बसवतो तिला. बाहेरून फॉर्म भरता येतो."

आणि साहेब आले. लावणी उरकत आली होती. आमचे रोजचे फोटो त्यांनी कौतुकानं आणखी वर पाठवले होते, तिथून शाबासकी आली होती, म्हणून ते प्रमाणपत्र घेऊन स्वतः वाडीवर चढून आले. वह्या मागवल्या. एक उघडली, दुसरी उघडली, पाचवी उघडली आणि त्यांचा चेहरा फुलला. "व्वा! पहिलीपासून चौथीपर्यंत अक्षराचं एकच वळण! बाई, हे कसं साधलंत? हा तर प्रयोग झाला. बाकीच्या शाळांना इथं आणून दाखवू."

शिकलेला माणूस, आयुष्य शाळा तपासण्यात गेलं, आणि त्याला सहा वर्षांच्या पोरीचं अक्षर आणि चोवीस वर्षांच्या बाईचं अक्षर वेगळं ओळखता येईना. हसू यायला हवं होतं. मला घाम आला. मी गुरुजींकडे बघून डोळ्यांनी विनवलं. नुसतं गप्प बसायचं होतं हो, बाकी काही नाही.

गुरुजी म्हणाले, "साहेब, ते वळण मंगलचं हाय."

"कितवीत आहे मंगल?"

"आठवीत शाळा सुटली तिची. आता खाली खाचरात आसंल. प्रमानपत्र तिच्या नावानं लिहा, मी बोलावतो तिला." आणि थांबवायच्या आत खरंच हाक मारली. वर सोनीची वही उघडून साहेबांच्या पुढ्यात धरली. "हे बगा, अवयव पाडलेत तिनं. कुनी शिकवनारं न्हाई, नुसत्या लाल शाईवर शिकलीय." त्यांच्या चेहऱ्यावर इतका अभिमान होता की समोरचा माणूस पांढरा पडत चाललाय हे त्यांना दिसलंच नाही. मला त्या क्षणी गुरुजींचा संताप आला. अजूनही त्यातला थोडा शिल्लक आहे. खरं बोलायला हरकत नाही, पण त्या बाईला विचारायचं तरी!

मंगल आली. गुडघ्यापर्यंत चिखल, म्हणून आत न येता उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. साहेबांनी विचारलं, "या वह्या तुम्ही लिहिल्यात?"

"व्हय."

"कोणी सांगितलं होतं लिहायला?"

तिनं गुरुजींकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. पाणवठ्यावरचं माझं वाक्य तिला शब्दन् शब्द आठवत होतं, आणि ते तिला आठवतंय हे मला दिसत होतं. मग तिनं मान खाली घातली.

"कुनी न्हाई. आमीच ठिवलं ठरवून. लावनीचं दिस हुतं, साहेब."

प्रमाणपत्र पिशवीत परत गेलं. वर गेलेली शाबासकी परत घेता येत नव्हती, तेव्हा कोणाचा तरी दोष असणं भाग होतं. वह्यांत लाल शाई गुरुजींची होती. साहेबांनी मला दुसऱ्या खोलीत नेलं, कोरा कागद पुढं सरकवला आणि म्हणाले, "तुमचं करिअर सुरू व्हायचंय, बाई. मी सांगतो तसं लिहा." आणि ते सांगत गेले, मी लिहीत गेले. मुख्याध्यापकांनी गृहपाठ पालकांकडून लिहून घेतला. सदर बाबीची मला कोणतीही कल्पना नव्हती. एक शब्द माझा नव्हता. पाणवठ्याचं नाव नव्हतं, लाल यादीचं नाव नव्हतं, मुलांच्या दुसऱ्या वहीचंही नाव नव्हतं. ती दुसरी वही कपाटात माझ्या पाठीमागे दोन हातांवर होती. मी उठून ती साहेबांसमोर ठेवली असती तर कदाचित काही वेगळं झालं असतं. मी उठले नाही. सही केली. अक्षर छान आलं होतं.

साहेब गेले. मुलं घरी गेली. गुरुजी खोलीत आले तेव्हा मी अजून तिथंच बसलेले. मला वाटलं, विचारतील काय लिहिलंत म्हणून. मी उत्तर तयार ठेवलं होतं. माझ्यावर आई अवलंबून आहे, तुमचं काय, तुम्ही निवृत्त होणार.

"बाई, हात दाखवा," म्हणाले.

मी हात पुढं केला. पावसाळी हवेत माझं शाईचं पेन गळायचं. करंगळीच्या कडेला निळा पट्टा होता. गुरुजींनी माझा हात मुलांचा न्यायचे तसाच खिडकीच्या उजेडात नेला, पालथा करून नीट बघितला आणि सोडून दिला.

"बरं," म्हणाले आणि खुर्चीवरची वही पिशवीत घालून निघाले. त्या दिवशी गणप्या आला नव्हता.

हात बघून त्यांनी मला पास केलं. वही उघडली असती तर नापास करावं लागलं असतं, म्हणून त्यांनी ती उघडली नाही. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी भांडले असते, रडले असते आणि विसरून गेले असते.

पंधरा दिवसांत त्यांची बदली झाली, पार वेल्ह्याकडे, पालीच्या जवळच्या एका शाळेवर. उत्रोलीहून दोन एसट्या बदलून जायचं, शेवटचं वर्ष असं काढायचं. बाकीच्या कारवाईतून सुटले, पण निरोप समारंभ नाही, हार नाही, काही नाही. मी कायम झाले. मंगलचं काय झालं हे मला खूप नंतर कळलं. गुरुजी उत्रोलीत बसून गणितं घालत, भोरच्या स्टँडवर त्या कंडक्टरच्या हाती देत, आणि तो हिर्डोशीच्या फेरीला ती वाडीच्या फाट्यावर उतरवी. दुसऱ्या खेपेला ती दहावी पास झाली. बदली करून त्यांना कोणाला काही थांबवता आलं नाही. त्या सगळ्यात हात लावला नाही तो फक्त मी.

मागच्या वर्षी मंगल मला भोरच्या बाजारात भेटली. अंगणवाडीत मदतनीस आहे आता. हसून बोलली, मुलीला खाऊ दिला. निघताना म्हणाली, "गुर्जी इचारत्यात तुमचं. बाई कुठं हायती, बऱ्या हायती का." मी विचारलं, "तुम्ही त्यांना सांगितलंत का, पाणवठ्यावरचं?" तिला माझाच राग आला. "त्यास्नी म्हाईत न्हाई व्हय? पैल्या दिसापासनं म्हाईत हाय. तुमी सांगायची वाट बगत्यात."

तेव्हापासून कोणी गृहपाठाचं नाव काढलं की मी अशी भडकते. आदेश काढणाऱ्यांवर भडकते, ग्रुपवर भडकते, जोडलेल्या हातांच्या चित्रांवर भडकते. सगळं खरं आहे, रागवण्यासारखंच आहे. पण तेवढ्यानं माझी पाटी कोरी होत नाही.

आज शनिवार. सकाळची शाळा करून आले तर मुलीनं स्वतःच पुठ्ठ्यावर अंगणातला चिखल थापला होता आणि त्यात हरळीच्या काड्या खोचल्या होत्या. बांध वाकडे आहेत, एक बैल म्हशीसारखा दिसतो. मी बोटसुद्धा लावलं नाही. सोमवारी ते तसंच जाईल. तिचं झाल्यावर मी तिच्याच शेजारी बसले आणि जुनं शाईचं पेन काढून हे सगळं लिहून काढलं. कोणी सांगितलेलं नाही. पाणवठा लिहिलाय, दुसरी वही लिहिलीय, मंगलनं माझ्याकडे बघितलं ते लिहिलंय.

करंगळीच्या कडेला निळा पट्टा उठला आहे. उद्या सकाळी उत्रोलीला पोचेपर्यंत तो राहिला पाहिजे.